चौकटीला लावलेली चाकं

वैशाखातल्या एका दुपारी वादळ आलं आणि आमच्या शेतातला आंबा बोडीच्या पाळीवर आडवा झाला. बोडी म्हणजे शेतातलं लहान तळं. धानाला पाणी द्यायला आमच्या भागात अशा बोड्या जागोजाग असतात. झाड मुळांसकट उपटलं होतं. मुळांच्या जागी बैल बसेल एवढा खड्डा पडला होता आणि कच्च्या आंब्यांचा सडा चार बांध्यांत, धानाच्या खाचरांत, पसरला होता. गावातल्या बाया टोपल्या घेऊन आल्या आणि आंबे वेचून गेल्या. लोणच्याचे दिवस होते, कुणाला नाही म्हणायचा प्रश्नच नव्हता.

माझे पती सगळ्यांत शेवटी पोचले. रस्त्यापासून आमचं शेत बरंच आत आहे आणि धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, चालताना त्यांना काठी लागते. दीड वर्षापूर्वी त्यांना लकवा मारून गेला होता. पाय पुष्कळसा सुधारला, बोलणं हळू झालं, पण उजवा हात खांद्यापासून खाली जड राहिला. ते सुतार. उभ्या आयुष्यात त्यांनी त्याच हातानं दारं, चौकटी, दिवाण, बैलबंड्या केल्या. ते आले, आडव्या बुंध्याजवळ उभे राहिले, डावा तळहात सालीवर ठेवला आणि बुंध्याच्या गाठी चाचपल्या. मग म्हणाले, "फळ्या होतेत याच्या."

माझे भासरे, म्हणजे यांचे मोठे भाऊ, बाजूलाच उभे होते. शेताच्या वाटण्या झाल्या असल्या तरी तो धुरा आणि बोडी दोघा भावांची सामायिक. ते म्हणाले, "फळ्या कायच्या? इटाभट्टीवाला परवा येऊन राहिला. दोन दिवसात तुकडे करून नेते. रोवणीच्या आंधी मले हा धुरा मोकळा पायजे."

"इटाभट्टीले नाई देत," हे म्हणाले.

"मंग आरागिरणीवर कसा नेशीन? चार जनाचे धुरे फोडा लागतीन. फोडू देतीन का ते?"

"नेत नाई. इथंच कापू."

"कोन कापन?"

भासऱ्यांनी काही वाईट मनानं विचारलं नव्हतं. धानाची रोपं लावायची रोवणी सुरू झाली की बोडी भरते, बांध्यांत चिखल होतो, आणि त्या ओंडक्याजवळ कुणाला जाताही आलं नसतं. त्यांचा सगळा पाण्याचा मार्ग त्या धुऱ्यावरून होता. ते सगळं मला कळत होतं. तरी माझ्या तोंडून निघून गेलं, "मी कापीन."

भासऱ्यानं भावसुनेशी थेट बोलायचं नाही, ही आमच्या घरातली जुनी रीत. मी हातभर अंतरावर असले तरी ते यांच्याशीच बोलतात. त्या दिवशीही ते यांच्याकडं पाहूनच म्हणाले, "तिले सांग, हे बिलाउजचं कापड नोहे."

ते तसं म्हणाले कारण मी वीस वर्षांपासून ब्लाऊज शिवते. पुढच्या खोलीत माझं पायमशीन आहे आणि कोंढ्यापासून आसगावपर्यंतच्या बाया माझ्याकडं येतात. लाकडाचं काम मी पाहिलेलं होतं, केलेलं नव्हतं.

आजारपणाच्या आधीच्या हिवाळ्यात यांनी पेट्रोलवर चालणारी चेनसॉ, म्हणजे साखळीची करवत, घेतली होती. मोबाइलवर त्यांनी पाहिलं होतं की एक माणूस झाड पडलं तिथंच त्याच्या फळ्या काढतो आहे, नुसत्या चेनसॉला एक धातूची चौकट लावून. त्यांनी तशी चौकट मागवली. ती आली तेव्हा मला तो पलंगाचा एखादा भाग वाटला. तिची गंमत अशी की ती चेनसॉच्या लांब पात्याला आवळून बसवायची. मग मशीन आडवं धरायचं. चौकट ओंडक्याच्या वर राहते, पातं खाली लाकडात राहतं, आणि दोघांमधलं अंतर कायम असतं. चौकट ओंडक्यावरून ढकलत नेली की खाली तेवढ्याच जाडीची फळी कापली जाते. यांनी ती दोनदा वापरली आणि तिसऱ्यांदा वापरायच्या आत हात गेला. तेव्हापासून ती पोत्यात गुंडाळून माळ्यावर पडली होती.

झाडाचा पंचनामा, वनखात्याच्या कार्यालयातला कागद, यात दहा दिवस गेले. त्या दहा दिवसांत मी फांद्यांवर हात बसवला. यांची जुनी फुलपँट कमरेला पट्टा आवळून घातली, पायात त्यांचे बूट, डोळ्यांवर चष्मा, कानांवर आवाज अडवणारं टोपडं. विहिरीवरच्या बाया हसल्या. त्यातल्या दोघी माझ्याकडं ब्लाऊज टाकून गेल्या होत्या, त्यांना मी म्हटलं, हसाल तर गळे वाकडे शिवीन. हे बाजेवर बसून शिकवत. आधी मशीन बंद ठेवून उभं कसं राहायचं, साखळी कशी ताणायची, कुठल्या वेळी बोट कुठं नसलं पाहिजे. साखळीच्या प्रत्येक दाताला कानशीचे तीन हात, ना दोन ना चार. मी चौथा मारला की ते डावा हात वर करत. शिकवताना त्यांचे शब्द अडकत नव्हते, हे माझ्या लक्षात आलं होतं.

पहिली फळी काढायला आम्ही सकाळी गेलो. ओंडका आठ फुटांचा ठेवला होता. वर एक जाड, सपाट लाकडी पाटी ठोकून तिच्यावरून चौकट न्यायची होती. मी मशीन सुरू केलं आणि पातं लाकडात घातलं. पहिले दोन फूट बरे गेले. मग चौकट पाटीवर घासू लागली, ओल्या भुश्यानं अडकू लागली. मी जोर लावला की एक बाजू पुढं जायची, दुसरी मागं राहायची. चार फुटांवर माझे हात थरथरायला लागले. एका गाठीपाशी पुढची बाजू खाली दबली, आणि मला ती उचलता आली नाही. शेवटच्या टोकाला चौकटीला टेकायला काही उरलंच नव्हतं, तिथं ती पुढं झुकली आणि पातं तिरपं बाहेर आलं.

फळी निघाली, पण एका टोकाला दोन बोटं जाड आणि दुसऱ्या टोकाला चार बोटं. मध्ये लाटा.

हे काठी टेकत आले, फळीवर डावा हात फिरवला आणि म्हणाले, "जाळाले होईन."

मग त्यांनी डाव्या हातानं आपला उजवा दंड धरला आणि दोनतीनदा झटकला, एखाद्या न ऐकणाऱ्या जनावराला हलवावं तसा. मी पाठ फिरवून मशीन पुसत राहिले. त्या वेळी त्यांच्याकडं पाहायचं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा गेले. त्याच्या दुसऱ्या दिवशीही. तिन्ही फळ्या जळणाच्याच निघाल्या, म्हणजे फळ्या म्हणायची लाज वाटावी अशा. ओंडका वरून वाकडातिकडा झाला, तो कसाबसा सपाट करून घेतला. माझे खांदे इतके दुखत होते की केस विंचरायला हात वर जात नव्हता. भासऱ्यांनी रोज संध्याकाळी धुऱ्यावर येऊन पाहावं आणि परत जावं. इटाभट्टीवाल्याचा निरोप दोनदा येऊन गेला.

चौथ्या दिवशी मी शेतात गेलेच नाही. शिवायचं काम तुंबलं होतं, म्हणून मशीनवर बसले. एका साडीची कड शिवत होते. सरळ टीप पडावी म्हणून मी मशीनच्या पायाजवळ एक लोखंडी पट्टी बसवून घेतलेली आहे. कापडाची कड तिला टेकवून ठेवली की टीप वाकडी जात नाही. मग मी वाटल्यास दुसरीकडं पाहत बोलू शकते. आणि कापड पुढं सरकवायला मी जोर लावत नाही, ते खालचे दाते सरकवतात. मी फक्त हात ठेवते. हे रोजचंच आहे, त्यात नवं काही नाही. पण त्या दिवशी मला वाटलं, आपण शेतात तीन दिवस जोरच लावत होतो. जोरानं सरळ जात असतं तर कुस्तीगीरांनी ब्लाऊज शिवले असते.

मी उठून यांच्याकडं गेले. "अवो, त्या चौकटीले चाकं लावली तं?"

"चाकं?"

"खालून लावू, म्हंजे घासनार नाई. अन् बाजूनंबी काहीतरी लावू, म्हंजे हिकडंतिकडं जानार नाई."

त्यांनी मान हलवली. "नाई. लाकूड हाताले सांगते. चाक लावलं का हाताले काई समजत नाई. चाक आपल्या मनानं चालते."

"तुमच्या हाताले सांगते. माह्या हाताले आजून नाई सांगत."

मला वाटलं, मी बोलू नये ते बोलले. थोड्या वेळानं त्यांनी पेन्सिल मागितली. मी ब्लाऊजची मापं लिहिते ती वही दिली. तिच्या मागच्या पानावर त्यांनी डाव्या हातानं चौकट काढली. रेघा थरथरत होत्या, पण माप बरोबर होतं. चौकटीच्या चार कोपऱ्यांना चार गोल काढले आणि वही माझ्याकडं सरकवली.

घरात संगणकाच्या क्लासातून भंगारात आलेली एक फिरती खुर्ची होती. तिची चार चाकं आम्ही काढली आणि चौकटीखाली लाकडाच्या ठोकळ्यांना बसवली. शेतात नेऊन लावलं तर दोन फुटांत खेळ संपला. ती चाकं चहूकडं वळणारी. एक इकडं तोंड करी, एक तिकडं. त्यात आंब्याचा ओला भुसा कणकेसारखा भरला आणि चाकं फिरायची थांबून घसटू लागली.

हे धुऱ्यावर बसले होते. म्हणाले, "खुर्चीची चाकं हायेत. त्याईले बसाचंच शिकवलं, चालाचं नाई."

आजारपणानंतर ते असं काही बोलले तेव्हा मला किती बरं वाटलं, हे त्यांना सांगितलं नाही. खुर्चीची चाकं काढून पिशवीत टाकली आणि त्याच आठवड्यात चौकट पोत्यात बांधून मी वरठीला निघाले.

वरठीला माझा मावसभाऊ राहतो. तो पोलादाच्या कारखान्यात फिटर होता. निवृत्त झाल्यावर घरापुढंच शेड टाकून वेल्डिंगचं आणि मोटारसायकली दुरुस्त करायचं काम करतो. मी भंडाऱ्यापर्यंत बसनं आणि पुढं ऑटोनं गेले. कारखान्याची पाळी सुटायची वेळ होती. मोटारसायकली आणि सायकली एकामागून एक जात होत्या आणि दर चौथा माणूस माझ्या भावाला हात करत होता. त्यानं पोतं सोडलं, चौकट उलटी केली, सुलटी केली, वहीतलं चित्र पाहिलं.

"भाऊजीनं काढलं का हे?"

"डाव्या हातानं."

त्यानं चित्राकडं पुन्हा एकदा पाहिलं. मग म्हणाला, "खालून चाकं देल्यानं हलकी होईन, बाई. पन सरळ जाईन कशावरून?"

मी त्याला माझ्या मशीनच्या पायाजवळच्या पट्टीचं सांगितलं. तो ऐकत होता, मग एक मोठा डबा ओढून त्यानं जमिनीवर पालथा केला. जुन्या मोटारसायकलींची बेअरिंगं होती. "भुसा आत जाऊ नये म्हनून दोन्ही बाजूनं बंद असलेली निवडून घे. चार वजन उचलाले. चार बाजूले. अन् चालाले रस्ता पायजे. लाकडाच्या पाटीवर बेअरिंग चालत नाई, रुतते."

रस्ता म्हणजे रूळ. दोन चौकोनी लोखंडी पाइप समांतर ठेवायचे, मध्ये आडव्या पट्ट्या जोडायच्या, आणि ते सगळं ओंडक्यावर टेकवायचं. चार बेअरिंगं पाइपांवरून धावतील, चार बाजूनं पाइपांना धरून राहतील. मी म्हटलं, रूळ ओंडक्यापेक्षा दोन फूट लांब कर. सुरुवातीला आणि शेवटी चौकटीला टेकायला जागा मिळेल. ते आमच्या चित्रात नव्हतं. तिरप्या निघालेल्या टोकांकडं तीन दिवस पाहून ते मला कळलं होतं.

दोन दिवस मी तिथंच राहिले. पाइप जोडला की वेल्डिंगच्या उष्णतेनं ओढला जायचा आणि धनुष्यासारखा वाकायचा. डोळ्याला दिसत नव्हतं. मी पिशवीतला रिळाचा दोरा काढून एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ताणला, तेव्हा मध्ये बोट जाईल एवढी फट दिसली. भावानं जोड कापला, पुन्हा केला. या वेळी एक टाका या टोकाला, एक त्या टोकाला, आणि मध्ये थंड होऊ द्यायचं. "टाका" हा त्याचाच शब्द. बाजूच्या चाकांची भोकं त्यानं कानशीनं लांबट केली, म्हणजे चाक आतबाहेर सरकवून आवळता यावं.

"किती सैल ठेवू?" मी विचारलं.

"लग्नपत्रिकेचा कागद जाईन एवढं. त्याच्यापेक्षा आवळलं तं अडकन, सैल ठेवलं तं डोलन."

त्याच्या घरी लग्नपत्रिका होत्याच. त्यातली एक मी सोबत घेतली. रूळ पाच-पाच फुटांचे दोन तुकडे करून जोडता येण्यासारखे केले होते. ते घेऊन रविवारी तो स्वतःच एका माल नेणाऱ्या छोट्या गाडीतून आला.

त्या रविवारी आम्ही तिघं शेतात होतो. ओंडक्याचं एक टोक जॅकनं चार इंच उचललं होतं, उतार असला की ढकलायला कमी लागेल म्हणून. तीही माझीच युक्ती. रूळ ठेवले, दोऱ्यानं तपासले, स्क्रूनं धरले. पातं लाकडाला लागू नये म्हणून चौकटीत वर घेऊन मशीन चढवलं. बंदच होतं. मी एका बोटानं ढकलून पाहिलं, आणि ते चाललं. इतकं हलकं चाललं की मला हसू आलं आणि मी हात सोडला. मशीन उतारावरून वेग घेत गेलं, रुळाच्या टोकावरून सरळ खाली पडलं, आणि त्याची मूठ दगडावर आपटून वाकली.

साखळी फिरत नव्हती आणि पुढं कुणी उभं नव्हतं. पण असतं तर काय झालं असतं, हे मनातून जाईना. मी धुऱ्यावर बसले. चाक आपल्या मनानं चालते, हे त्यांनी मला आधीच सांगितलं होतं. आता ते पुन्हा म्हणतील, असं मला वाटलं. ते काठी टेकत रुळाच्या टोकाशी गेले, वाकले, बोटानं दोन जागा दाखवल्या आणि माझ्या भावाला म्हणाले, "इथं अन् इथं. उभे बोल्ट लाव. दोन्ही तोंडाले." मग माझ्याकडं वळून, "उतार अर्धा कर."

वाकलेली मूठ भावानं सरळ केली. चार बोल्ट बसवले. उतार दोन इंचांवर आणला, पातं पुन्हा खाली घेतलं. मशीन सुरू करून मी पातं लाकडात घातलं. पहिल्या तीन फुटांत मला कळलं की आता मी ढकलत नाहीये, नुसती सोबत चालते आहे. पण पाचव्या फुटापाशी पुन्हा अडखळलं. रुळावर भुश्याचा थर बसला होता आणि बेअरिंग त्यावर चढत होतं. मशीन बंद केलं. हे भावाच्या पिशवीकडं पाहत होते. त्यात सायकलची एक फाटकी ट्यूब होती. त्यांनी ती ओढून घेतली, पायाखाली धरली आणि डाव्या हातानं सुरीनं तिच्या चार पट्ट्या कापल्या. प्रत्येक चाकाच्या पुढं एकेक पट्टी रुळाला घासेल अशी लावली. आता चाकाच्या आधी रबर जायचं आणि रूळ पुसून द्यायचं.

त्यानंतरची फळी पहिली फळी म्हणायची. हे माझ्या बाजूनं चालत होते. कापलेल्या फटीत लाकडाच्या पाचरी ठोकत, म्हणजे वरची फळी पात्यावर बसू नये. कानांवर टोपडं असल्यामुळं मला त्यांचं बोलणं ऐकू येत नव्हतं. त्यांनी डावा हात वर केला की मी हळू होई, खाली केला की चालू ठेवी. इंजिनचा आवाज ते माझ्यापेक्षा आधी ओळखत; गाठ येण्याआधीच त्यांचा हात वर जाई. चहा करून तो निवायला जेवढा वेळ लागतो तेवढ्या वेळात मशीन बोल्टला जाऊन टेकलं. मी ते बंद केलं. भावानं फळीचं एक टोक उचललं, मी दुसरं.

यांनी पट्टीनं या टोकाला मोजलं, मध्ये मोजलं, त्या टोकाला मोजलं. तिन्ही ठिकाणी दीड इंच. त्यांनी तिन्ही ठिकाणी पुन्हा मोजलं. मग फळी मांडीवर घेतल्यासारखी टेकवून त्यावर हात फिरवत बसले. आतून ती पिवळसर होती आणि एका अंगाला तपकिरी रेघा गेल्या होत्या.

भासरे पलीकडच्या बांधीत पऱ्ह्यांना, म्हणजे धानाच्या रोपांना, पाणी देत होते. ते आले. फळीच्या कडेनं एक डोळा मिटून पाहिलं. त्यांनी मग यांच्याकडं पाहिलं नाही, माझ्याकडं पाहिलं. "यातली एक मले देशीन का? गोठ्याच्या दाराले पायजे."

माझा हात डोक्याकडं गेला. पदर नव्हता डोक्यावर घ्यायला. फुलपँट आणि भुश्यानं भरलेला सदरा होता. म्हटलं, "तुमच्याच झाडाच्या हायेत, भाऊजी."

"किती दिवस लागतीन आजून?"

"दहा."

"पऱ्हे बारा दिवसांनी उपडाले येतीन," ते म्हणाले आणि गेले. दुसऱ्या दिवसापासून त्यांचे दोन मजूर सकाळी तासभर आमच्या फळ्या उचलायला येऊ लागले.

ते दहा दिवस सोपे नव्हते. आठव्या फळीत पातं एका खिळ्याला लागलं. कधीतरी कुणीतरी झुला बांधायला ठोकला असेल, झाडानं तो गिळून टाकला होता. ठिणग्या उडाल्या, साखळीचे सगळे दाते बोथट झाले. मी धुऱ्यावर बसून एकेक दात घासला, तीन हात, पुढचा, तीन हात. त्यात अर्धी सकाळ गेली. पुढं एकदा बाजूचं एक बेअरिंग फिरेनासं झालं. भावानं दोन जास्तीची दिली होती. मी पान्ह्यानं जुनं काढलं, नवं बसवलं, लग्नपत्रिका घालून सैलपणा पाहिला आणि आवळलं. हे पाचर घेऊन उभे होते. त्यांनी काही सांगितलं नाही. सांगण्यासारखं काही उरलं नव्हतं, असं मी समजले. बाराव्या फळीच्या दिवशी बोडीचं पाणी माझ्या बुटांना लागलं होतं आणि पलीकडं भासऱ्यांची चिखलणी सुरू झाली होती. राहिलेला सालीचा भाग आम्ही जळणाला घेतला. त्या संध्याकाळी धुरा मोकळा झाला.

बाराही फळ्या घराच्या मागं पडवीत रचल्या. जमिनीवर विटा, विटांवर पहिली फळी, मग प्रत्येक दोन फळ्यांमध्ये सारख्या जाडीच्या काड्या, म्हणजे हवा खेळावी. टोकांना जुना रंग फासला, चिरा पडू नयेत म्हणून. वरून दगड. यांनी सांगितलं, एक वर्ष हात लावायचा नाही. वर्षभर ते रोज सकाळी तिथं जाऊन बसत. बाहेरून कुणी आलं की ते फळ्या दाखवत आणि मी चहा ठेवी.

त्या वर्षात आमच्याकडं तीन ठिकाणांहून बोलावणं आलं. आसगावला एका घरावर कडुनिंब पडला होता, तो कापून दिला, आणखी एका शेतातलं झाडही कापलं. एका ठिकाणी मी नाही म्हटलं, कारण ओंडका पात्यात मावत नव्हता आणि मालक म्हणत होता, बघा ना जमवून. आधी मी जमवायला गेले असते. आता चौकटीला काय जमतं आणि काय नाही, हे मला माहीत आहे. बेअरिंगं दर दोन झाडांमागं बदलते. रबराच्या पट्ट्या यांनीच कापायच्या, ते काम ते मला देत नाहीत.

यंदा फळ्या सुकल्या. पहिलं काम भासऱ्यांच्या गोठ्याचं दार. जाड फळीला रंधा मारायला आमच्याकडं दोन माणसं लागतात. मागचा ढकलतो, पुढचा दोरीनं ओढतो. उभ्या आयुष्यात हे मागं असत. आता यांनी उजवा हात फळीवर आडवा ठेवला. तो हलत नाही, पण वजन म्हणून चांगला बसतो. डाव्या हातानं रंधा धरला. मी पुढं बसून दोरी ओढली. पहिल्या दिवशी आमची लय जमली नाही, ते थांबत तेव्हा मी ओढत असे. दुसऱ्या दिवशी जमली. बारा दिवसांत दार झालं. भासऱ्यांनी आणि त्यांच्या मजुरांनी ते उभं केलं.

आषाढात ते फुगलं आणि खालून घासू लागलं. भासऱ्यांनी यांना बोलावलं नाही, स्वतःच पटाशी घेऊन बसले. ते कानावर आलं तसे हे काठी घेऊन निघाले. मी म्हटलं, जेवून जा. म्हणाले, "तो खालची सगळी कड खराब करन," आणि गेले. तासाभरानं मी पाहायला गेले तेव्हा दार काढून अंगणात आडवं टाकलेलं होतं. भासरे रंध्याची दोरी ओढत होते आणि हे त्यांना सांगत होते की इतका जोर लावू नको.